चिवाय की काबानाकोंदे? कोल्काच्या काठावरच्या एका मुक्कामाची गोष्ट

आजचा भाग एका अगदी ट्रेकरछाप प्रश्नावरून सुरू होतोय. पेरूमधल्या कोल्का कॅन्यनमध्ये उतरायचं असेल, तर मुक्काम कुठे टाकायचा? चिवायला की काबानाकोंदेला?

आमच्या चौघांच्या ग्रुपवर यावर आठवडाभर वाद चालला. एकाला गरम पाण्याची कुंडं हवी होती, एकीला एटीएम आणि बाजार हवा होता, तिसऱ्याचं म्हणणं की जिथून पायवाट सुरू होते तिथेच झोपू. मी मधल्या वेळात या दोन गावांचा इतिहास वाचत बसलो. वाचता वाचता लक्षात आलं, की ही गावं आज जिथे आहेत तिथे ती का आहेत, हे कळलं की आपला प्रश्न बराचसा सुटतो. म्हणून हा भाग.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू. पेरूच्या दक्षिणेला आरेकिपा हे मोठं शहर, उंची साधारण 2,335 मीटर. तिथून बस निघते आणि पातापांपा नावाच्या खिंडीतून जाते. ही खिंड जवळजवळ 4,900 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 55 टक्के असतो. बसमध्ये नुसतं बसूनही डोकं जड होतं. खिंड उतरली की तीन-चार तासांच्या प्रवासानंतर चिवाय येतं, 3,635 मीटरवर. तिथून दरीच्या काठाकाठाने आणखी सुमारे 60 किलोमीटर गेलात, की रस्त्याच्या टोकाकडे काबानाकोंदे, 3,287 मीटरवर. म्हणजे चिवायपेक्षा साधारण 350 मीटर खाली.

काबानाकोंदेच्या पुढ्यात जमीन संपते. खाली कोल्का नदी, आणि तिच्या काठी सांगाये नावाचं हिरवं ठिपक्याएवढं ठिकाण, गावापेक्षा साधारण 1,100 मीटर खोल. आणि तरीही तो तळ आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच आहे! शिवाय आपल्याला सह्याद्रीत सवय असते आधी चढायचं आणि दमलो की उतरायचं. इथे उलटं. आधी मजेत उतरा, आणि पाय बोलायला लागले की चढा. त्यामुळे शेवटच्या चढानंतर बिछाना किती लांब आहे, याला फार महत्त्व येतं.

आता इतिहासाकडे.

दोन उंच्या, दोन समाज

या खोऱ्यात दोन समाज राहायचे. वरच्या, चिवायच्या बाजूला कोयाग्वा. खालच्या, काबानाकोंदेच्या बाजूला काबाना. कोयाग्वांची भाषा आयमारा, काबानांची केचुआ. 1586 मध्ये हुआन दे उयोआ मोगोयोन नावाच्या स्पॅनिश अधिकाऱ्याने या भागाचा एक अहवाल लिहिला. त्यात तो सांगतो, की कोयाग्वा स्वतःला कोयाग्वाता नावाच्या ज्वालामुखीतून आलेले मानायचे आणि लहान बाळांची डोकी बांधून त्या डोंगरासारखी निमुळती, उंच करायचे. काबाना स्वतःला वाल्का वाल्का या हिमशिखरातून आलेले मानायचे आणि डोकी रुंद, चपटी करायचे. म्हणजे माणूस कुठल्या डोंगराचा हे त्याच्या कवटीवरून कळायचं. स्पॅनिश सत्तेने ही प्रथा बंद केली. आज फरक टोप्यांत दिसतो. चिवायच्या बाजूच्या बायका रिबन लावलेली पांढरी गवती टोपी घालतात, काबानाकोंदेच्या बायका भरतकाम केलेली कापडी टोपी. बसमध्ये टोप्या बदलल्या, की समजायचं आपण दुसऱ्या मुलखात शिरलो.

हा फरक नुसता पोशाखाचा नव्हता. उंचीचाही होता. वर थंडी जास्त, म्हणून तिथे बटाटा, किन्वा, आणि त्याहून वरच्या माळांवर अल्पाका आणि लामा. खाली काबानाकोंदेच्या उंचीवर मका येतो, आणि चांगला येतो. काबानितो मका आजही आरेकिपाच्या बाजारात नाव सांगून विकला जातो. वरचे लोक लोकर आणि सुकवलेलं मांस घेऊन खाली यायचे, मका घेऊन जायचे. दरीच्या पलीकडच्या तापाय गावचे लोक तळाजवळच्या उबदार बागांमधली फळं घेऊन चढायचे. कोल्का हा शब्दच मुळात धान्याच्या कोठाराचा. कड्यांच्या कपारीत मातीची ती छोटी कोठारं अजून दिसतात.

आणि आज आपण ट्रेक म्हणून ज्या वाटा चालतो, सान हुआन दे चुच्चो, कोस्न्यिर्वा, मालाता, मग सांगाये आणि वर काबानाकोंदे, या याच देवाणघेवाणीच्या वाटा आहेत. आपल्या आधी तिथून फळांच्या टोपल्या आणि खेचरं गेली आहेत. त्या वाटा काबानाकोंदेला येऊन मिळतात, कारण मका तिथे होता.

एकच टेम्पलेट, शेकडो गावं

पण तेव्हा काबानाकोंदे आजच्या जागी, आजच्या रूपात नव्हतं. चिवायही नव्हतं.

इंकांच्या काळात लोक लहान लहान वस्त्यांमध्ये विखुरलेले होते. प्रत्येक वस्ती आपल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांजवळ आणि आपल्या पाटाजवळ. या पायऱ्या इंकांच्याही आधीपासूनच्या. दरीच्या उतारावर शेकडो पायऱ्या, दगडी बांध घालून, माती भरून, पाणी एका पायरीवरून खालच्या पायरीवर जाईल अशा हिशेबाने बांधलेल्या.

मग स्पॅनिश आले. 1540 मध्ये फ्रान्सिस्को पिझारोने कोयाग्वांचा मुलूख आपला भाऊ गोन्सालो पिझारो याला बहाल केला. म्हणजे तिथल्या माणसांची मजुरी आणि कर त्याच्या खिशात. गोन्सालोने पुढे स्पेनच्या राजाविरुद्धच बंड केलं आणि 1548 मध्ये त्याचं डोकं उडवलं गेलं. पण खोऱ्यातली करवसुली थांबली नाही.

खरा उलटापालट झाला तो 1570 च्या दशकात. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने ठरवलं, की विखुरलेल्या माणसांकडून कर गोळा करणं, त्यांना बाप्तिस्मा देणं आणि खाणीवर मजूर म्हणून पाठवणं कठीण जातंय. उपाय काय? सगळ्यांना उचलून मोठ्या गावांत आणून बसवा. या गावांना रेदुक्सिओन म्हणत. अँडीजमध्ये दहा लाखांहून जास्त माणसं अशी हलवली गेली.

या गावांचा आराखडा बघितला, की आमच्या धंद्यातल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. एकच टेम्पलेट, शेकडो वेळा कॉपी-पेस्ट. मध्ये चौक. चौकाच्या एका बाजूला चर्च. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते. चिवाय, यांके, कोपोराके, लारी, माका, काबानाकोंदे, सगळी याच साच्यातली. जुन्या वस्त्या ओस पडल्या. यांकेच्या समोर नदीपलीकडे उयो उयो, काबानाकोंदेजवळ कायिमार्का. आज तिथे छप्पर नसलेल्या भिंती आणि निवडुंग आहेत.

साच्यात एक गोष्ट मात्र बसली नाही: शेतं. माणसं हलवता येतात, डोंगरातून कोरून काढलेल्या पायऱ्या हलवता येत नाहीत. नव्या गावातून जुन्या शेतावर जायला तासन् तास लागायला लागले. त्यात युरोपातून आलेल्या साथींनी माणसं पटापट मरत होती. दूरच्या पायऱ्या एकेक करून पडीक पडत गेल्या. कोल्कात तुम्ही पायऱ्यांचे जे सुंदर फोटो काढता, त्यात नीट बघा. हिरव्या पायऱ्यांच्या वरच्या अंगाला पिवळट, गवत माजलेल्या पायऱ्याही दिसतील. त्यातल्या कित्येक तेव्हापासून कोरड्या आहेत.

रस्ता कोणासाठी आला?

पुढची जवळजवळ चारशे वर्षं बाहेरच्या जगाने या खोऱ्याकडे फारसं बघितलं नाही. 1931 मध्ये रॉबर्ट शिपी आणि जॉर्ज जॉन्सन या अमेरिकनांच्या मोहिमेने विमानातून या भागाचे फोटो घेतले आणि अमेरिकन मासिकांतून हे ‘विस्मरणात गेलेलं’ खोरं म्हणून गाजलं. आता तिथे राहणाऱ्यांना त्याचं कधीच विस्मरण झालेलं नव्हतं, पण ते असो.

आपली बस ज्या रस्त्याने काबानाकोंदेला जाते, तो रस्ता पर्यटकांसाठी झालेला नाही. 1970 च्या दशकात पेरू सरकारने माहेस प्रकल्प हाती घेतला. कल्पना अशी, की कोल्का नदीचं पाणी वरच्या बाजूला, तुती गावाजवळ वळवायचं, सुमारे 100 किलोमीटर बोगद्यांमधून आणि कालव्यांमधून न्यायचं, आणि समुद्राकडच्या माहेसच्या वाळवंटात शेती फुलवायची. परदेशी कंपन्यांचा समूह आला, आचोमा गावात त्यांची छावणी वसली, यंत्रं आणायला खोऱ्यात रस्ते झाले. पाणी साठवणारं कोंदोरोमा धरण 1985 मध्ये पूर्ण झालं. प्रकल्पाचं काम सरलं, रस्ते राहिले, आणि त्या रस्त्यांवरून नंतर आपल्यासारखे लोक कॅमेरे घेऊन आले. कोंडोर बघायला जिथे सगळे थांबतात ती क्रूस देल कोंडोर ही जागा याच रस्त्यावर आहे.

याच सुमारास, 1981 मध्ये, पोलंडच्या क्राकोव शहरातल्या तरुण कयाकपटूंनी कॅन्यनमधून नदीमार्गे पहिल्यांदा प्रवास केला आणि कोल्काचं नाव साहसाच्या जगात पोचलं. म्हणजे दरीत पाणी किती रोमांचक आहे हे जगाला कळत होतं, तेव्हा तेच पाणी वरच्या वर दुसरीकडे वळवलं जात होतं.

आता कालवा कुठून जातो बघा. काबानाकोंदेच्या वरच्या डोंगरातून. गावाच्या डोक्यावरून पाणी वाहतंय, आणि ते गावाचं नाही.

काबानाकोंदेचं स्वतःचं पाणी येतं वाल्का वाल्कावरून. सुमारे 6,025 मीटरचं हे शिखर, ज्याच्या आकारावरून एकेकाळी डोकी घडवली जायची तेच. बर्फ वितळतं, ओढ्यातून खाली येतं, पाटांतून शेतांत वाटलं जातं. त्या वाटपाची व्यवस्था फार जुनी आहे. गावाचे दोन भाग आहेत, आनानसाया आणि उरिनसाया. प्रत्येक भागाचा एक पाणीवाटप बघणारा असतो. कोणाला कधी, किती वेळ पाणी, ते तो बघतो, आणि डोंगराला नैवेद्य द्यायचं कामही त्याच्याकडेच. 1980 च्या दशकात इथे राहिलेल्या पॉल गेल्स या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने ही सगळी व्यवस्था तपशिलाने लिहून ठेवली आहे. पाणी, नकाशा, देव आणि भांडण या चार गोष्टी तिथे वेगवेगळ्या करताच येत नाहीत, असं ते वाचून वाटतं.

1983

1983 साली दक्षिण पेरूत भयंकर दुष्काळ पडला. वाल्का वाल्काचं पाणी पुरेना. मका करपायला लागला. आणि डोक्यावरच्या कालव्यातून कोल्काचं पाणी दूरच्या वाळवंटाकडे चाललं होतं. गावाने अर्ज केले, विनंत्या केल्या. काही हललं नाही.

शेवटी गावातल्या अकरा जणांनी जाऊन कालव्याला भोक पाडलं आणि पाणी गावाच्या ओढ्यात सोडलं.

पोलीस आले. गाव त्या माणसांच्या मागे उभं राहिलं. आणि अखेर सरकारला कालव्यातून काबानाकोंदेला अधिकृतपणे पाणी द्यावं लागलं. ते अकरा जण गावात आजही अकरा वीर म्हणून ओळखले जातात. त्या पाण्यावर काही पडीक पायऱ्या पुन्हा लागवडीखाली आल्या. तोलेदोच्या काळापासून कोरडं पडलेलं काही थोडं परत हिरवं झालं, ते कोणत्याही सरकारी योजनेमुळे नव्हे, कालव्याच्या एका भोकामुळे.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? या गावाची जागा चारशे वर्षांपूर्वी लिमातल्या एका माणसाने कागदावर ठरवली. त्याच्या डोक्यावरचा कालवा पुन्हा लिमातच कागदावर ठरला. दोन्ही वेळा गावकऱ्यांना कोणी विचारलं नाही. दुसऱ्या वेळी मात्र त्यांनी उत्तर दिलं.

हुआनिताचा मुक्काम

अजून एक गोष्ट, कारण ती थेट मुक्कामाबद्दलची आहे. वाल्का वाल्काच्या मागे साबानकाया नावाचा जागता ज्वालामुखी आणि त्याच्या शेजारी आंपातो हे 6,288 मीटरचं शिखर. साबानकायाच्या राखेने आंपातोवरचं बर्फ वितळलं आणि 1995 च्या सप्टेंबरमध्ये योहान राइनहार्ड आणि मिगेल साराते यांना माथ्याजवळ एका किशोरवयीन इंका मुलीचा गोठलेला देह सापडला. पंधराव्या शतकात डोंगराला बळी दिलेली मुलगी. जग तिला हुआनिता म्हणून ओळखतं. त्या दोघांनी तिला गुंडाळून खाली आणलं, गाढवावर लादून काबानाकोंदेला पोचवलं आणि तिथून बसने आरेकिपाला नेलं.

डोंगर पाणी देतो, म्हणून त्याला सर्वांत मौल्यवान ते द्यायचं, या श्रद्धेतून असे बळी दिले गेले, असं राइनहार्ड यांचं मत आहे. आज तो नैवेद्य मक्याच्या पेयाचा आणि कोकाच्या पानांचा असतो. प्रश्न मात्र तोच आहे, पाणी येईल का? आणि डोंगरावरचं बर्फ वर्षावर्षाला कमी होतंय.

तर मग, कुठे राहायचं?

आता आमच्या ग्रुपवरच्या भांडणाचा निकाल.

तुमच्याकडे दोनच दिवस असतील, कोंडोर बघून परत फिरायचं असेल, तर चिवाय ठीक आहे. प्रांताचं मुख्य ठिकाण आहे, बाजार मोठा आहे, बस भरपूर आहेत, आणि ला कालेराची गरम पाण्याची कुंडं जवळ आहेत. त्यात वाईट काही नाही.

पण दरीत उतरायचं असेल, तर माझं मत काबानाकोंदे. त्याला तीन कारणं.

पहिलं, शरीर. आरेकिपात किमान दोन रात्री काढा. मग खिंड पार करून थेट काबानाकोंदेला जा. झोपायची उंची चिवायपेक्षा 350 मीटर कमी मिळते. पहिल्या दिवशी दरीत उतरू नका, गावातल्या पायऱ्यांमधून हिंडा. डोकं फारच ठणकत असेल, उलट्या होत असतील, तर हट्ट सोडा आणि खाली उतरा.

दुसरं, वाट. पायवाट गावातूनच सुरू होते. चिवायला राहून पहाटे तीनला उठायचं, दोन-अडीच तास बसमध्ये झोप काढत यायचं आणि मग 1,100 मीटर उतरायचं, हे टूर कंपनीच्या वेळापत्रकाला बरं पडतं, तुमच्या गुडघ्यांना नाही. परतीचा चढ पहाटे अंधारात सुरू करा. ऊन चढायच्या आत वर पोचलात, की चौकात नाश्ता करायला दहा मिनिटं चाललं तरी पुरे.

तिसरं कारण माझ्यासाठी सगळ्यात मोठं. चिवायला मुक्काम केला, की काबानाकोंदे म्हणजे फक्त बसचा शेवटचा स्टॉप होतो. दोन रात्री तिथे काढल्या, की पैसे त्या गावात राहतात, आणि गाव दिसतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ट्रेकिंगचा हंगाम कोरड्या महिन्यांत असतो, जून ते ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त गर्दी. मक्याची पेरणी पावसाच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास होते, आणि ती पूर्णपणे पाटाच्या पाण्यावर. म्हणजे आपण चढून येऊन मनसोक्त आंघोळ करायला बघतो, त्याच दिवसांत वर शेतात कोणीतरी आपली पाण्याची पाळी येण्याची वाट बघत रात्र काढत असतं. तेव्हा शॉवर आटोपता घ्या. पाटावरून ओलांडताना दगड, माती हलवू नका. पायरीच्या बांधावर चढून सेल्फी काढू नका. तो बांध कोणाच्या तरी पणजोबाच्याही आधीचा आहे आणि अजून कामात आहे.

आमच्या ग्रुपमध्ये शेवटी मतदान झालं. तीन विरुद्ध एक, काबानाकोंदे जिंकलं. एटीएमवाल्या मैत्रिणीची अट मान्य झाली आहे, रोख रक्कम आरेकिपातूनच काढून न्यायची. परतीच्या वाटेवर एक संध्याकाळ चिवायला, गरम पाण्यात. तिथलं पाणी जमिनीतूनच उकळत येतं, ते कोणाच्या पाळीचं नाही.

तुम्ही कोल्कात जाऊन आला असाल, तर कुठे राहिलात आणि का, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर पाणी पीत राहा, आणि उंचावर जाणार असाल तर जरा जास्तच प्या!